एकटी जा, पण पाहुणी होऊन जा

अगं, तुझा निरोप परवा रात्री वाचला आणि सकाळी पोळ्या लाटतानाही तोच मनात घोळत होता. ‘ताई, मला एकटीनं डोंगरातून चालायचंय. हॉटेल नको, वाटेतल्या लोकांच्या घरी राहायचंय. आईला सांगितलं तर ती जेवायची नाही. तू सांग, जाऊ का?’

जा. उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं तू निवांतपणे ऐकशील.

तू हिमाचलातल्या होमस्टेंची यादी पाठवलीस. त्यात वाईट काही नाही, पुढे कधीतरी तिकडेही जा. पण पहिल्यांदा एकटी निघते आहेस, तर अनोळखी माणसाला घरात घ्यायची रीत जिथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे तिथे जा. तशी एक वाट आमच्या लोहारद्यापासून फार लांब नाही. आमच्या देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला नर्मदा आहे. माळव्याचं पठार विंध्याच्या घाटांनी खाली उतरतं, सागाची आणि पळसाची जंगलं लागतात, आणि मग मैया दिसते. पलीकडे सातपुडा. या दोन डोंगररांगांच्या मधून ती 1312 किलोमीटर वाहते आणि तिच्या दोन्ही काठांनी माणसं चालत असतात. हीच नर्मदेची परिक्रमा, ती तुला नवी नाही. गोनीदांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ तू माझ्याच कपाटातून नेली होतीस.

रीत तुला माहीत आहे, तरी एकदा सांगते. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची. ती ओलांडायची नाही. फक्त समुद्राच्या मुखाशी नावेनं दुसऱ्या काठाला जायचं. चातुर्मासात थांबायचं, कार्तिकी एकादशीनंतर निघायचं. जुन्या नेमानं पुरी परिक्रमा 3 वर्षं, 3 महिने, 13 दिवसांची. आता बहुतेक लोक पाच-सहा महिन्यांत करतात. तुला इतकी रजा कोण देणार? पण रजा नाही म्हणून वाट बंद होत नाही. जबलपूरच्या अमृतलाल वेगडांनी 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, चालायला सुरुवात केली आणि सुट्ट्या मिळतील तशी तुकड्या-तुकड्यानं पुरी केली. जिथे थांबले तिथूनच पुढच्या वेळी उठले. याला खंड-परिक्रमा म्हणतात. मीही तशीच चालते आहे. चार हिवाळे झाले. ओंकारेश्वरहून निघाले, दक्षिण काठानं बडवानी, तिथून शूलपाणीची झाडी, मग समुद्र, आणि उत्तर काठानं धार जिल्हा ओलांडून आमच्या देवासातल्या नेमावरपर्यंत पोचले. नेमावरला नर्मदेचं नाभिस्थान मानतात. सिद्धनाथाच्या त्या जुन्या दगडी देवळाच्या पायऱ्यांवर बसून समोरचं हंडिया बघताना मनात आलं, इथपर्यंत एकटी आले खरी, पण माझा एकही दिवस कुणाच्या तरी हातच्या भाकरीवाचून गेला नाही.

तुला सांगायचंय ते एवढंच आहे गं. एकटीनं जाणं म्हणजे कुणाचं काही न घेता जाणं, असं मीही समजत होते. आपण शिकलेल्या, कमावत्या बायका. कुणाच्या उपकारात राहायचं नाही, हे आपल्या अंगात भिनलेलं. डोंगरात ते उपयोगी पडत नाही. तिथे घेता यावं लागतं.

हे मी कुठे शिकले ते सांगते. शूलपाणीची झाडी म्हणजे सातपुड्याचा तो भाग, जिथे मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात एकमेकांना भिडतात. जुन्या परिक्रमावासींच्या आठवणींत तिथे लुटलं जाण्याचे प्रसंग ठायी ठायी आहेत, अगदी अंगावरच्या वस्त्रापर्यंत. आता त्याच डोंगरातली भिल आणि पावरा घरं परिक्रमावासींना हाका मारून बसवतात. आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या बाजूला, तीन चढ चढून, मी एका पाड्यावर पोचले. पाडा म्हणजे काय, एका टेकाडावर एक घर, दुसरं समोरच्या टेकाडावर. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगणात कोंबड्या. घरच्या बाईला पावरी येत होती, मला मराठी. मधे तिची शाळेत जाणारी मुलगी दोघींचं बोलणं इकडून तिकडे नेत होती. बाईनं मक्याच्या दोन भाकरी आणि उडदाची डाळ समोर ठेवली. मी घरभर नजर फिरवली. चार लेकरं, धान्याची एकच कणगी. मी एक भाकरी परत सरकवली आणि म्हटलं, मला भूक नाही.

भूक खूप होती. मला वाटलं, मी फार समजूतदारपणे वागले. बाईनं मुलीला काहीतरी विचारलं. मुलीनं मान खाली घालून मला सांगितलं, ‘आई विचारतेय, आमच्या हातचं चालत नाही का तुम्हाला?’

त्या क्षणी मला जे वाटलं ते अजून आठवतं. शतकानुशतकं ज्यांच्या हातचं लोकांनी टाळलं, त्यांच्या चुलीपुढे बसून मी भाकरी परत केली होती. माझ्या मनात काय होतं हे त्या बाईला कसं कळणार? तिला दिसला तो माझा हात, भाकरी मागे सरकवणारा. मी ती भाकरी पुन्हा ओढून घेतली, सगळी खाल्ली, आणि वर डाळ मागून घेतली. मग ती हसली आणि माझ्याजवळ येऊन बसली. रात्री तिनं स्वतःची गोधडी मला दिली. मी ती घेतली. नको म्हणाले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट गाठीला बांध: समोर आलेलं घे. सगळं घे, पोटभर घे, चव घेऊन खा. घरात किती आहे याचा हिशेब घरच्या बाईला आपल्यापेक्षा चांगला कळतो. तिनं दिलं म्हणजे विचार करून दिलं.

मग परतफेड कशी करायची, असं तू विचारशील. निघताना हातात नोटा कोंबायच्या नाहीत, माणसं दुखावतात. आश्रमात राहिलीस तर दानपेटीत टाक. घरी राहिलीस तर आदल्या गावातल्या किराणा दुकानातून चहाची पुडी, गूळ, तेलाची पिशवी असं काहीतरी घेऊन जा आणि गेल्या गेल्या सहज चुलीशी ठेव. निघताना ठेवलंस तर ती किंमत वाटते, आल्या आल्या दिलंस तर ती भेट असते. वाटेत लहान मुली ‘नर्मदे हर’ म्हणत धावत येतात. त्यांना कन्या म्हणून मान देतात, त्यांच्या हातावर ठेवायला काही जवळ असू दे. आणि सगळ्यात मोठी परतफेड म्हणजे बसणं. मोबाइल आत ठेव. बाई भाकरी थापत असेल तर लाकडं सरकव, लसूण सोल, तिच्या सासूचं गुडघेदुखीचं गाऱ्हाणं नीट ऐक. परिक्रमेत बायकांना ‘माताराम’ म्हणतात. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या आजीनं मला माताराम म्हणून पाटावर बसवलं तेव्हा मी संकोचले. नंतर कळलं, तो मान वाटेचा असतो. तो माझ्या एकटीचा नव्हता.

फोटो विचारल्याशिवाय काढू नकोस. घर, चूल, लेकरं, काहीच. विचारलंस आणि हो म्हणाले, तर त्याची प्रत पुढे नक्की पाठव.

दुसरी आठवण धार जिल्ह्यातली. सरदार सरोवराच्या धरणाचे दरवाजे 2017 मध्ये बंद झाले, उंची 138.68 मीटर. 2019 च्या पावसाळ्यात पाणी पूर्ण भरलं आणि काठावरची चिखल्दा, निसरपूर यांसारखी नांदती गावं पाण्यात गेली. परिक्रमेची जुनी काठाची वाटही किती ठिकाणी बुडाली. आता तिथे वरच्या रस्त्यांनी, पुनर्वसनाच्या वसाहतींमधून जावं लागतं. अशाच एका वसाहतीत संध्याकाळी मला एका म्हाताऱ्या बाबांनी हाक मारली, ‘आओ माताराम, आसन लगाओ.’ घर नव्या विटांचं होतं, अंगणात एकही मोठं झाड नव्हतं. बाबा म्हणाले, जुन्या घराच्या ओटीवर आजोबांच्या वेळेपासून परिक्रमावासी झोपायचे. घर पाण्यात गेलं. इथे आल्यावर त्यांनी आधी ओटी बांधून घेतली, मागची खोली नंतर.

रात्री त्या ओटीवर पडल्या पडल्या मी रडले. त्या माणसाचं सगळं गेलं होतं आणि तरी अनोळखी पाहुण्यासाठी जागा त्यानं आधी केली होती. तू जिथे राहशील त्या प्रत्येक ओटीमागे असं काहीतरी असतं. म्हणून ‘फुकट राहायची सोय’ हे शब्द तुझ्या तोंडी येऊ देऊ नकोस.

आता भीतीचं बोलू. आईला वाटते ती भीती खोटी नाही आणि तुला वाटत नसेल तर थोडी वाटू दे. मी पाळते ते नेम सांगते.

दिवसाला 15 ते 20 किलोमीटर पुरे, चढाच्या वाटेवर 12 सुद्धा पुष्कळ. पहाटे उजाडताना निघायचं आणि दुपारी चारच्या सुमारास मुक्काम धरायचा. डिसेंबरात पावणेसहाला सूर्य बुडतो आणि जंगलात त्याही आधी अंधारतं. एकदा ‘अजून एक गाव’ करत मी पुढे गेले, वाट चुकले आणि अंधारात तासभर कुत्र्यांच्या भुंकण्याच्या दिशेनं चालत राहिले. काही वाईट झालं नाही. पण त्या तासात मला कळलं, एकटीच्या प्रवासात सगळ्यात महाग चूक उशिराची असते. उशिरा पोचलेल्या माणसाला घर निवडता येत नाही.

आणि घर तुलाच निवडायचं असतं. गावात शिरलीस की आधी बायकांशी बोल, हातपंपाशी नाहीतर अंगणवाडीत. अंगणवाडीच्या ताई, आशा कार्यकर्त्या, शाळेच्या बाई यांना सगळ्या गावाची नाडी माहीत असते. ‘रात्री कुठे थांबू?’ हा प्रश्न त्यांना विचार. जिथे बायका-मुलं आहेत त्याच घरात राहा, आणि झोपायचं बायकांमधे. जिथे दारूचा वास आला, जिथे एखादा माणूस गरजेपेक्षा जास्त चौकशा करायला लागला, तिथून उठ. कारण सांगायची गरज नाही, वाईट वाटून घेण्याची तर मुळीच नाही. भाकरीला नको म्हणायचं नाही असं मी आत्ताच म्हटलं, पण माणसाला नको म्हणायचा हक्क तुझा कायम आहे. पोटात आतून काही खटकलं तर ते खरं धर. मोटरसायकलवरून सोडतो म्हणणाऱ्याला हात जोडून ‘पायी चालायचा नेम आहे’ म्हण. या वाटेवर त्या उत्तराचा सगळे मान राखतात.

रात्रीच्या घरी दुसऱ्या दिवशीचं गाव सांगून ठेव. इथली माणसं आपणहून पुढच्या गावातल्या ओळखीच्यांना फोन करतात, ‘एक माताराम येतायत, अकेली आहेत, बघा.’ मी कित्येक ठिकाणी पोचले तेव्हा चहाचं आधण चढलेलं होतं. एका घरानं दुसऱ्या घराच्या हाती सोपवलेली मी, अशी चार हिवाळे चालले. ही साखळी कुठल्याही ॲपपेक्षा भक्कम आहे, पण ती तू खरं बोललीस तरच चालते. नाव, गाव, कुठून आलीस, खरं सांग. आधारकार्ड जवळ ठेव, ओंकारेश्वराहून निघताना परिक्रमेचं पत्र करून घे, आणि मुक्कामांचे शिक्के घ्यायला एक वही. संकटात 112, रुग्णवाहिकेला 108. दऱ्यांत फोन लागत नाही, म्हणून आईला रोज रात्रीचं वचन देऊ नकोस. ‘दोन दिवसांत एकदा नक्की’ असं दे आणि ते पाळ.

नदीची भीती मात्र कधी सोडू नकोस. आमच्या जिल्ह्यात धाराजीला नदीकाठी भूतडी अमावास्येची मोठी जत्रा भरायची. 2005 च्या एप्रिलमध्ये वरच्या इंदिरासागर धरणातून पाणी सोडलं गेलं, रात्री पात्रात झोपलेल्या-नाहणाऱ्या यात्रेकरूंवर ते एकदम आलं आणि कितीतरी माणसं वाहून गेली. आभाळात ढग नव्हता. नर्मदेवर आता मोठी धरणं आहेत. तिचं पाणी पावसाविना वाढतं. पात्रातल्या खडकावर, वाळूत मुक्काम नाही. स्नान गावच्या घाटावर, गावच्या बायका असतील तेव्हा, कमरेच्या आत पाण्यात.

आता अंगाचं. सॅक सहा-सात किलोंच्या वर नको. बूट निदान महिनाभर पुण्यात वापरून मऊ कर, पर्वती रोज चढ, मग सिंहगड पाठीवर तेवढंच ओझं घेऊन. पायाला फोड येण्याआधी ती जागा गरम लागते. तिथेच थांब, बूट काढ, पट्टी लाव. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणालीस की तीन दिवस गेले. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आमच्याकडे थंडी हाडात शिरते, कानटोपी आणि लोकरीचे मोजे विसरू नकोस. मार्चनंतर ऊन चढतं, एप्रिल-मेमध्ये लू चालते, तेव्हा नको. साप चावला तर कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, हलायचं नाही, सरळ सरकारी दवाखाना. पाळी आली तर घरच्या बाईच्या कानात सांग. काही घरांत, आश्रमांत त्याचे नियम असतात. वाद घालायला तू तिथे गेलेली नाहीस, आणि लपवायलाही नाही. बहुतेक वेळा ती बाईच तुला गरम पाणी आणि एक दिवसाची विश्रांती देते. वापरलेलं मात्र नदीकाठी टाकायचं नाही, पिशवीत बांधून शहरगावापर्यंत न्यायचं.

आमच्या बाजूला आलीस की मला एक ठिकाण तुला दाखवायचंय. बागली तालुक्यातल्या जंगलात कावडिया पहाड आहे. कुणी रचून ठेवल्यासारखे, कोन असलेले दगडी खांब, एकावर एक. भीमानं ते रचले असं गावात सांगतात. साडेसहा कोटी वर्षांहून जुना लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला असे कोन पडले, असं शास्त्र सांगतं. त्यावर दगडानं टकटक केलीस तर धातूसारखा नाद येतो. तो ऐकताना माझ्या मनात आलं, हा तर आपल्या सह्याद्रीचाच काळा कातळ. तू ज्या दगडावर लहानपणी गुडघे फोडून घेतलेस तोच दगड इथवर आलेला आहे. परक्या मुलखात आलीस असं वाटून घेऊ नकोस.

आईचं काय करायचं, ते माझ्यावर सोड. तिला मी भारती ठाकूरांची गोष्ट सांगणार आहे. नाशिकच्या या बाई 2005-06 मध्ये सोबतिणींबरोबर परिक्रमेला निघाल्या. वाटेत त्यांना शाळेपासून लांब राहिलेली मुलं दिसली. परतल्यावर त्या मुलांनी त्यांना घरी बसू दिलं नाही. त्या निमाडात येऊन राहिल्या आणि मंडलेश्वरजवळच्या लेपा गावात नर्मदालय ही शाळा उभी केली. चालायला गेलेली बाई बिघडून येते, हरवते, असं आईला वाटतं. तिला हे दिसायला हवं की कधी कधी बाईला तिचं काम तिथेच सापडतं. तू नोकरी सोडून तिकडे जावंस असं मी म्हणत नाही. पण ज्या घरांनी तुला जेवू घातलं, त्यांची काळजी तुझ्या मनात उरली पाहिजे. ती उरली नाही तर तू फक्त डोंगर बघून आलीस.

पहिल्याच वर्षी शूलपाणीच्या झाडीचा हट्ट धरू नकोस. कार्तिकी एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत ओंकारेश्वरची पंचक्रोशी यात्रा असते, पाच दिवसांची. हजारो बायका डोक्यावर गाठोडी घेऊन चालतात, उघड्यावर चुली मांडतात. त्यांच्यात एकटी चाल. ओळखीचं कुणी नाही आणि तरी सगळ्या आजूबाजूला आहेत, असे पाच दिवस. त्यात पाय कळतील, पाठ कळेल, आणि अनोळखी बाईनं पुढे केलेली भाकरी घेता येते का तेही कळेल. मग पुढच्या हिवाळ्यात आठ दिवस, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पंधरा.

निघण्याआधी दोन दिवस लोहारद्याला ये. सॅक पूर्ण भरून आण, मी एकेक वस्तू बाहेर काढणार आहे. एक दिवस माझ्याबरोबर चाल, तुझ्या बुटांत पाय कसा बसतो ते मला बघू दे. आणि रात्री जेवायला बसलीस की तिसरी पोळी मी न विचारता वाढीन. ‘बास गं ताई’ म्हणू नकोस. तिथूनच सुरुवात कर.